टाकी रिझर्व्हला आली की गाडी का अडते : इंधनपुरवठ्यातील दोष शोधण्याची पद्धत

खानदेशातील गॅरेजांत उन्हाळा लागला की एक तक्रार हमखास येते. टाकी भरलेली असताना गाडी कोठेही कुरकुर करत नाही. काटा खालच्या रेषेजवळ आला की मात्र चढावर झटके बसू लागतात, वळणावर इंजिन क्षणभर गुदमरते आणि सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. ‘गाडी तेल खेचत नही, भाऊ,’ एवढेच मालक सांगतो आणि पुष्कळदा त्या एका वाक्यावर टाकीतला इंधन पंप बदलला जातो. काम झाल्यावर गाडी तपासून पाहण्यासाठी पेट्रोल भरले जाते, पातळी वर येते, दोष दिसेनासा होतो आणि दुरुस्ती यशस्वी झाली असे सर्वांनाच वाटते. काटा पुन्हा खाली आला की झटके पुन्हा हजर होतात आणि नव्या पंपाचे पैसे मात्र गेलेले असतात.

हे टाळता येते. ज्या कारणाने दोष उमटतो ती टाकीतील पातळी आपल्या हातातली आहे, तेव्हा सुटे भाग बदलण्यापूर्वी पातळी बदलून पाहणे ही पहिली आणि सर्वांत स्वस्त चाचणी ठरते. पुढील सर्व विवेचन त्या चाचणीभोवतीच आहे.

टाकीच्या आत काय असते

अलीकडच्या पेट्रोल गाड्यांत इंधन पंप टाकीच्या आतच असतो. पंप, त्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी, दाब राखणारा रेग्युलेटर आणि काट्याला माहिती पुरवणारा फ्लोट हे सर्व बहुधा एकाच जोडणीत बसवलेले असते आणि पुष्कळ छोट्या गाड्यांत मागची सीट उचलली की तिचे झाकण दिसते. ही जोडणी एका प्लॅस्टिकच्या कपात उभी असते. पंपाने उचललेल्या इंधनातील थोडा भाग एका बारीक जेटमधून परत सोडला जातो आणि त्याच्या जोरावर टाकीतील इंधन सतत कपात ओढले जाते, त्यामुळे बाहेर पातळी खाली गेली तरी कप भरलेला राहतो आणि वळणावर, चढावर किंवा जोरात ब्रेक लागल्यावर इंधन टाकीच्या एका कडेला सरकले तरी पंपाचे तोंड उघडे पडत नाही.

जेट तुंबला, कपाच्या तळाची झडप कचऱ्याने अडकली किंवा कपाला चीर गेली, तर कप स्वतःहून भरत नाही; तो बाहेरच्या पातळीइतकाच राहतो. टाकी अर्धी असेपर्यंत याचा कोणालाही पत्ता लागत नाही. पातळी खाली गेली आणि गाडी कलली की पंप हवा ओढतो, दाब पडतो, इंजेक्टरमधून इंधन कमी जाते आणि इंजिन मिसिंग करू लागते, म्हणजे मध्येच ठोके चुकवते. टाकी भरली की सारे पूर्ववत होते ते याच कारणाने, आणि ते ‘आपोआप बरे झाले’ असे समजण्यात अर्थ नसतो.

डिझेलच्या अनेक गाड्यांत, विशेषतः जुन्या जीपवजा गाड्यांत आणि पिकअपमध्ये, टाकीत पंप नसतो. इंजिनाकडील पंप लांबून नळीने डिझेल ओढून घेतो. हा फरक तपासणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण ढकलणाऱ्या नळीला भोक पडले तर इंधन बाहेर येते आणि ओढणाऱ्या नळीला भोक पडले तर हवा आत जाते.

काटा खरे सांगतो का

दोष शोधण्याआधी टाकी खरोखर किती रिकामी होती हे ठरवावे लागते. फ्लोटच्या दांडीला जोडलेला संपर्क एका रोधक पट्टीवर सरकतो आणि तो झिजला, त्यावर मळ साचला किंवा दांडी वाकली की काटा चुकीचे दाखवतो. काही गाड्यांत तो पाव टाकीवर अडकून बसतो आणि मालकाला वाटते की पाव टाकी असूनही इंजिन बंद पडले. अशा वेळी पुरवठा निर्दोष असतो, टाकीच कोरडी असते.

तपासण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून पेट्रोल पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप थांबेपर्यंत इंधन भरावे, काटा आधी कोठे होता आणि किती लिटर गेले हे लिहून ठेवावे, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टाकीच्या क्षमतेशी ते ताडून पाहावे. समजा टाकी ३५ लिटरची आहे आणि काटा पावावर असताना तिच्यात ३३ लिटर मावले, तर टाकीत दोनच लिटर शिल्लक होते आणि काटा खोटे बोलत होता. उलट काटा तळाशी असताना २२ लिटरलाच नोझल थांबले तर टाकीत तेरा लिटर होते. अशा गाडीला चढावर झटके बसत असतील तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. पुस्तिकेतील क्षमता आणि प्रत्यक्ष मावणारे इंधन यांत थोडाफार फरक असतो, त्यामुळे एक-दीड लिटरवर वाद घालू नये. नोझल थांबल्यानंतर गळ्यापर्यंत भरण्याचा आग्रहही धरू नये, कारण जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत शिरते आणि ती निकामी करते. मापाविषयीच शंका असेल तर पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते. ते मागून खात्री करण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

डॅशबोर्डवर ‘एवढे किलोमीटर जाल’ असा जो आकडा येतो, त्याच्यावर तर मुळीच विसंबू नये. तो मागच्या सरासरीवरून काढलेला अंदाज असतो. धुळे ते जळगाव सपाट रस्त्याने आलेल्या गाडीची सरासरी चांगली दिसते आणि तीच गाडी चाळीसगावहून कन्नड घाट चढू लागली, त्यात वाहतूक तुंबली, की तो आकडा बघता बघता खाली येतो.

पातळी बदलून पाहणे

आता मुख्य चाचणी. टाकी भरावी आणि ज्या रस्त्यावर, ज्या वेळी, जितक्या माणसांसह दोष दिसला होता तोच प्रवास शक्य तितका तसाच पुन्हा करावा. एसी चालू होता तर तो चालूच ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती म्हणजे पातळी. त्यानंतर रोजच्या वापरात पातळी हळूहळू खाली येऊ द्यावी आणि पहिला झटका कोणत्या खुणेला बसला, रस्ता सपाट होता की चढाचा, वळण कोणत्या हाताला होते, गाडी किती वेळ चालली होती, हे एका वहीत टिपून ठेवावे. ही वही मेकॅनिकच्या हाती दिली तर त्याचे अर्धे काम झालेले असते.

चाचणीचा शेवटचा टप्पा, म्हणजे काटा अगदी खाली असतानाचा, वस्तीतल्या पेट्रोल पंपाच्या आसपासच घ्यावा. त्यासाठी डिकीत पेट्रोलचा कॅन बाळगण्याची युक्ती काही जण सांगतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात असताना बंद डिकीत पेट्रोल ठेवणे हा निव्वळ वेडेपणा आहे. घाटात जाऊन ‘बघू या बंद पडते का’ असा प्रयोगही करू नये. शहरातील उड्डाणपुलाचा चढ किंवा एखादा मोठा चौक एवढे पुरते.

नोंदी पाहिल्यावर दोष कोठे आहे हे बऱ्यापैकी उघड होते. सपाट रस्त्यावर काही नाही, फक्त चढावर, वळणावर किंवा ब्रेक लागल्यावर अडखळते आणि तेही पातळी कमी असतानाच, असे दिसले तर कप भरत नाही असा पहिला संशय घ्यावा. झटका एकाच हाताच्या वळणावर बसत असेल तर तो संशय अधिक पक्का होतो, कारण इंधन ठरावीक बाजूला सरकल्यावरच पंप उघडा पडतो आहे. सपाट रस्त्यावरही ठरावीक पातळीच्या खाली गाडी चालतच नसेल आणि त्याच्या वर ठणठणीत असेल, तर ओढणारी नळी, दुभागलेली टाकी किंवा खोटा काटा यांपैकी एक असते. गाडी अर्धा-पाऊण तास चालल्यानंतरच त्रास सुरू होत असेल आणि थोडा वेळ थांबल्यावर ती पुन्हा सुरू होत असेल तर पंप किंवा त्याची वीजजोडणी तापते आहे. आणि टाकी भरलेली असतानाही जोरात पळवल्यावर गाडी ओढत नसेल, तर पातळीचा काही संबंध नाही. फिल्टर, जाळी किंवा पंप बघावा.

दुभागलेल्या टाकीविषयी थोडे सांगायला हवे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या किंवा मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही मोठ्या गाड्यांत टाकीच्या मधून शाफ्ट जातो आणि टाकी खोगिरासारखी दोन्हीकडे लटकते. पंप एका बाजूला असतो. दुसऱ्या बाजूचे इंधन त्याच्याकडे आणण्यासाठी जेट असतो. तो बंद पडला की एक बाजू रिकामी होते, दुसरीकडे पंधरा-वीस लिटर तसेच राहते आणि दोन्ही फ्लोटची बेरीज दाखवणारा काटा मध्यावर असताना गाडी बंद पडते. सीटखाली दोन झाकणे दिसली तर गाडीची टाकी अशी असण्याची शक्यता मोठी.

पेट्रोल गाडीत घरी करता येण्याजोगे तपास

किल्ली ‘ऑन’ स्थितीत आणून, सेल्फ न मारता, मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला कान देऊन ऐकायला सांगावे. दोन-तीन सेकंद मंद घरघर ऐकू आली पाहिजे. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा किंवा दोनदा दाबले की हीच स्थिती येते. काही नव्या गाड्यांत दार उघडतानाच पंप क्षणभर चालतो, त्यामुळे आवाज निसटला तर लगेच निष्कर्ष काढू नये. टाकी भरलेली असताना आणि रिझर्व्हला असताना या आवाजातला फरक लक्षात ठेवावा. पातळी कमी झाल्यावर घरघरीचा सूर चढून तो किरकिरा होत असेल तर पंप हवा घेतो आहे किंवा झिजला आहे.

सकाळी गाडी उशिरा सुरू होण्याची तक्रार असेल तर आणखी एक सोपा प्रयोग करावा. किल्ली ऑन करून तीन सेकंद थांबावे, बंद करावी, असे तीनदा करून मगच सेल्फ मारावा. एवढ्याने गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली तर रात्रभरात नळीतला दाब उतरतो आहे असे समजावे. पंपातील परत-झडप (इंधन मागे जाऊ न देणारी) किंवा एखादा गळका इंजेक्टर त्याला कारण असतो आणि टाकीच्या पातळीचा त्यात दुय्यम वाटा असतो.

इंजिन बंद पडल्यावर टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा जोरात आत शिरल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सहज सुरू झाली, तर टाकीला हवा मिळण्याचा मार्ग बंद झाला आहे. हलका फुसकारा मात्र आजच्या गाड्यांत नेहमीचाच असतो.

‘रिझर्व्हला चालवली की तळाचा कचरा ओढला जातो’ हे वाक्य गॅरेजांत इतके ऐकू येते की त्यावर शंका घेणेही उद्धटपणाचे वाटते. पंप तर टाकी भरलेली असतानाही तळातूनच ओढतो. पातळी कमी झाल्यावर उरलेले इंधन जास्त हिंदकळते आणि बसलेला गाळ ढवळला जातो, एवढे त्यात तथ्य आहे. ‘रिझर्व्हला चालवली की पंप जळतो’ हेही तितकेच अर्धे खरे आहे. पंपाच्या मोटरीतून वाहणारे इंधनच तिला थंड ठेवते आणि वंगण पुरवते. कप नीट भरत असेल तर काटा खाली असला तरी पंप बुडालेलाच राहतो. तो खरा बिघडतो कोरडा चालल्यावर, आणि कप बिघडलेल्या गाडीत रिझर्व्ह म्हणजे थोडे-थोडे कोरडे चालणेच असते.

टाकी उघडायची झाल्यास

हे काम सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे, पण ते कसे व्हायला हवे हे मालकाला माहीत असावे. टाकी जवळजवळ रिकामी असताना जोडणी काढणे सोयीचे असते, मात्र रिकाम्या टाकीत वाफ जास्त असते आणि भडका वाफेचाच होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते, म्हणून हे काम गॅरेजच्या पिटवर (गाडीखाली उतरण्याच्या खड्ड्यावर) न करता उघड्या जागी करावे. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीचे ऋण टोक सोडावे. जवळपास विडी, वेल्डिंग, उघडा बल्ब यांपैकी काहीही नसावे.

मागची सीट उचलल्यावर दिसणारे दृश्य आपल्याकडे सहसा सारखेच असते: झाकणाभोवती बोटभर बारीक माती, शेंगांची टरफले, मुलांनी सांडलेले कुरमुरे, आणि शेतावर जाणारी गाडी असेल तर कापसाचे तंतू. झाकणाचे पेच सोडण्यापूर्वी हे सर्व ब्रशने आणि हवेने साफ करून घेतलेच पाहिजे. घाईत झाकण उचलले की तीच माती टाकीत पडते आणि नवी जाळी महिनाभरात तुंबते. वायरचा जोड हातात घेऊन पाहावा. पिना काळवंडल्या असतील, प्लॅस्टिक वितळून पिवळे पडले असेल, तर दोष पंपाऐवजी जोडात असू शकतो. पंप चालू असताना त्याच्या पिनांवर मिळणारा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असेल तर तार, रिले आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पंप बदलू नये.

जोडणी बाहेर काढल्यावर जाळीचा रंग, कपाच्या तळाची झडप आणि जेटचे बारीक छिद्र हे तिन्ही उजेडात पाहावे. निरोगी जाळी फिकट असते. तपकिरी किंवा काळी पडलेली, चिकट लागणारी जाळी इंधन अडवते. कपात पेट्रोल ओतून तो धरून ठेवतो का हे पाहिले की चीर आणि झडप दोन्हींचा निकाल लागतो. हे न करता ‘अख्खा सेट बदला’ असे कोणी म्हणाले तर कारण विचारावे. परत बसवताना झाकणाखालचे रबराचे वायसर नवे टाकावे, जुने फुगलेले असते आणि नीट बसत नाही.

डिझेल गाडीत हवा कोठून येते

डिझेलमध्ये पातळीशी जोडलेला दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. टाकीत उतरणाऱ्या ओढनळीला मध्येच बारीक चीर गेली असेल, तर डिझेल त्या चिरेच्या वर असेपर्यंत चिरेतूनही डिझेलच ओढले जाते आणि काहीच जाणवत नाही. पातळी चिरेच्या खाली आली की तेथून हवा शिरते, पुरवठा तुटतो, इंजिन आधी जोर घालवते आणि मग बंद पडते. गाडी नेमकी कोणत्या खुणेला बंद पडते हे वहीत टिपले असेल तर चीर किती उंचीवर आहे याचा अंदाज टाकी न उतरवताही येतो. काटा अर्ध्यावर असताना दरवेळी तेथेच बंद पडणारी गाडी ही याची ठळक खूण आहे.

खात्री करण्यासाठी फिल्टरच्या आधीच्या नळीत पारदर्शक नळीचा छोटा तुकडा बसवून घ्यावा आणि इंजिन चालू ठेवून त्यात बुडबुडे येतात का ते पाहावे. टाकी भरलेली असताना बुडबुडे नाहीत आणि खाली असताना येतात, तर चीर टाकीच्या आत आहे. दोन्ही वेळा येत असतील तर टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या बाहेरच्या नळ्या आणि त्यांचे क्लिप बघावेत. उसाच्या, कापसाच्या किंवा धान्याच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी नळी कुरतडलेली असणे मुळीच दुर्मिळ नाही, आणि ते नळीवरचे दातांचे वण हाताने चाचपल्याशिवाय दिसत नाहीत.

डिझेल संपून गाडी बंद पडली तर नुसते डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरवरचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबून एअर काढावी लागते. ज्या गाडीत हातपंप नाही तिच्यात किल्ली ऑन-बंद करून टाकीतला पंप चालू द्यावा. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच अतिदाबाच्या नळीतून सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या गाड्यांत अतिदाबाचा पंप डिझेलनेच वंगण घेतो, म्हणून कोरड्या नळीवर सेल्फ मारत बसणे हा सर्वांत महागडा उपाय ठरतो. फिल्टरच्या तळाशी पाणी साचते. त्याचा दिवा लागला असेल तर आधी बोल्ट सैल करून पाणी सोडावे.

सीएनजीच्या गाड्या

सीएनजीचा दर पाहून घेतलेल्या गाडीत पेट्रोल टाकायला हात धजत नाही, आणि नेमक्या याच गाड्यांत पेट्रोलचा पंप लवकर जातो. कंपनीतून आलेली असो वा बाहेरून किट बसवलेली असो, अशी गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होते आणि मग गॅसवर जाते. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोल पंप बंद होत नाही. टाकीत दोन लिटर पेट्रोल आणि पंप दिवसभर चालू, अशी अवस्था होते. किट बसवणाऱ्याकडून पंप बंद करणारा रिले आहे की नाही याची चौकशी करावी. शिवाय महिनोन्महिने तेच थोडे पेट्रोल पडून राहते, त्याचे हलके घटक उडून जातात आणि मागे चिकटा उरतो. अशा गाडीत टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नये आणि आठवड्यातून काही किलोमीटर ती पेट्रोलवर चालवावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णता, एथेनॉल आणि पाणी

टाकीत इंधन कमी असले की ते लवकर तापते, कारण तापलेल्या डांबराची आणि सायलेन्सरची तीच उष्णता आता थोड्या इंधनात शिरते. एथेनॉल सुमारे ७८ अंशांना उकळते आणि पेट्रोलचे हलके घटक त्याहून बरेच आधी वाफ होऊ लागतात. पंपाच्या तोंडाशी, जाळी तुंबलेली असताना, हे बुडबुडे चटकन तयार होतात. म्हणून दुपारी दोनला मुक्ताईनगरच्या रस्त्यावर अडखळणारी गाडी पहाटे त्याच पातळीवर नीट चालत असेल तर उष्णतेचा वाटा धरावा, पण जाळी आणि पंप तपासल्याशिवाय सर्व दोष उन्हाच्या माथी मारू नये.

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांतील नळ्या आणि रबर त्याला साजेसे असतात. त्याआधीच्या गाड्यांत एथेनॉल टाकीतला जुना चिकटा सुटा करते आणि तो जाळीवर येऊन बसतो. एथेनॉल पाणीही शोषून घेते आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की एथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. पावसाळ्यात पेट्रोल भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर टाकीतून काढलेला नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत सावलीत तासभर ठेवून पाहावा. तळाशी थर दिसला तर टाकी रिकामी करून धुण्यावाचून गत्यंतर नसते. पंपावरची फिल्टर पेपरची चाचणी भेसळीसाठी असते, पाण्यासाठी नव्हे.

स्कॅनर आणि दाबमापक

गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ००८७ हा कोड रेलमधील (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीतील) दाब कमी असल्याचे, पी ०१७१ मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असल्याचे, पी ०३०० मिसिंगचे आणि पी ०४६० च्या आसपासचे कोड पातळीच्या सेन्सरचे असतात. कोड न येणे म्हणजे दोष नसणे असे मात्र नाही, कारण इंधन फार कमी असताना काही गाड्यांचा संगणक स्वतःच्या काही तपासण्या थांबवून ठेवतो. कोडपेक्षा मिश्रण-दुरुस्तीचा आकडा, म्हणजे संगणक इंधन किती वाढवतो वा घटवतो ते सांगणारा, ज्याला मेकॅनिक ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात, अधिक उपयोगी पडतो. टाकी भरलेली असताना आणि रिझर्व्हला असताना तो एकाच रस्त्यावर पाहावा. एथेनॉलमुळे तो मुळातच थोडा वाढलेला असतो, तेव्हा पुस्तकातील आकड्याशी नव्हे तर आपल्याच भरल्या टाकीच्या आकड्याशी तुलना करावी.

अंतिम निकाल दाबमापकाचा. नेहमीच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत दाब साधारण तीन ते चार बार असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा. उभ्या गाडीत मापकाचा काटा स्थिर दिसला एवढ्यावर समाधान मानू नये. पातळी कमी ठेवून, रेस दिल्यावर आणि गाडीचे एक चाक उंचवट्यावर चढवून ती तिरकी केल्यावर काटा थरथरतो का हे पाहिले पाहिजे. सपाटीवर साडेतीन बारवर ठाम असलेला काटा गाडी कलताच थरथरून खाली आला आणि सरळ करताच जागेवर गेला, तर पंप सशक्त आहे, त्याला इंधन मिळत नाही एवढेच; अशा वेळी पंप बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

रस्त्यात बंद पडल्यास

गाडी शक्य तितकी रस्त्याच्या कडेला आणि सपाट जागी घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, त्रिकोण मागे ठेवावा. सेल्फ दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावे. चढावर उभी असेल तर तिला काळजीपूर्वक सपाटीवर घेतल्यानेच कधी कधी उरलेले इंधन पंपापर्यंत पोहोचते. मोठ्या खड्ड्यात आदळल्यानंतर बंद पडली असेल तर काही गाड्यांत पंपाची वीज तोडणारी सुरक्षा-व्यवस्था असते. ती पूर्ववत करण्याची रीत पुस्तिकेत असते. इंधन आणले तर लिटर-दोन लिटरवर न थांबता निदान पाच लिटर टाकावे. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणू नये. अनेक पंप ते देतही नाहीत आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. शहाद्याहून तोरणमाळकडे किंवा धडगावकडे निघताना मात्र हे सर्व बाजूला ठेवून टाकी शहाद्यातच भरून घ्यावी.

दुरुस्तीनंतर

गाडी ताब्यात घेताना काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर काय बदलले, दाब किती आला हे लिहून घ्यावे. त्यानंतर टाकी भरण्याची घाई करू नये. ज्या खुणेला दोष दिसत होता त्याच खुणेपर्यंत पातळी वापरातून खाली येऊ द्यावी, पेट्रोल पंपाजवळच्या त्याच चढावर आणि त्याच हाताच्या वळणावर गाडी पुन्हा चालवून पाहावी, आणि ती अडखळली नाही तरच उरलेले पैसे चुकते करण्याची बोली मेकॅनिकशी काम देतानाच करून ठेवावी.